गोट्यांचा डबा



“आम्ही काय इथे गोट्या खेळायला बसलोय?” हे वाक्य कचेरीत, युनियनच्या बैठकीत आणि कधी कधी विहार समितीच्या सभेतही ऐकू येते. गोट्या खेळणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा त्याचा अर्थ. त्यामुळे या आठवड्याचा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. नोकऱ्यांचा, शिष्यवृत्तीचा, घरांचा प्रश्न आ वासून उभा असताना याने गोट्या कुठून काढल्या, असे विचारले जाईल.

विषय काढण्याचे कारण असे. जुन्या काचेच्या गोट्या जमवणे, त्यांची अदलाबदल करणे आणि खरेदी-विक्री करणे हा जगात एक रीतसर छंद आहे, व्यापारही आहे. अमेरिकेत आणि युरोपात अशा संग्राहकांचे मेळावे भरतात, लिलाव होतात. एखाद्या दुर्मिळ जुन्या गोटीला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. मोबाईलमुळे हा व्यापार आता आपल्या गल्लीपर्यंत येऊन पोचला आहे. आपल्या माळ्यावरच्या डब्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. मागायला येणाऱ्याला मात्र ठाऊक असते. ज्याला ठाऊक असते तो भाव ठरवतो आणि ज्याला ठाऊक नसते तो मिळेल ते घेऊन हात जोडतो. हा व्यवहार आपल्या समाजाने जमिनीच्या बाबतीत पाहिला, सावकाराच्या कर्जाच्या बाबतीत पाहिला. गोटीच्या निमित्ताने तो पुन्हा एकदा नीट समजून घेऊ.

गोटी, कंचा, गोली

आपली भिवंडी यंत्रमागांची. पोट भरायला इथे चहूकडून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची पोरेही आली. मराठी मुलगा जिला गोटी म्हणतो, तिलाच उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराचा मुलगा कंचा म्हणतो आणि पद्मानगरातला तेलुगू मुलगा गोली म्हणतो. शब्द तीन, पण टाचेने उकरलेली गल एकच आणि बोट मागे ताणून धरलेला नेमही एकच. कोयब्याच्या खेळात कोपरे सोलून निघत, ती सगळ्यांची सारखीच सोलत.

आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. गावच्या हॉटेलात आपल्या माणसासाठी चहाचा वेगळा ग्लास बाहेर ठेवलेला असे, त्या काळातही गोटी मात्र या हातातून त्या हातात जात असे. सुरुवातीला एखादा पोरगा आईच्या धाकाने जिंकलेली गोटी पाण्याने धुऊन घेई. खेळ रंगला की धुण्याचे भान कोणाला राहात नसे. काच तीच! पेला झाली की विटाळ धरणार आणि गोटी झाली की धरणार नाही. विटाळ काचेत नव्हताच, तो डोक्यात होता, हे पोरांना वीस मिनिटांत कळे आणि मोठ्यांना जन्मभर कळत नसे.

दुसरी गोष्ट मालकीची. वाडेवाल्यांच्या घरी जुन्या वस्तू असतात. समया असतात, अडकित्ते असतात, पूर्वजांच्या तलवारी असतात. आपल्या आजोबा-पणजोबांकडे काय होते? होते ते रोजच्या वापरात झिजले, फुटले, मोडीत गेले. पण पोराच्या खिशातल्या चार गोट्या तेवढ्या टिकल्या. काच कुजत नाही, गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही. गरिबाच्या घरात साठ-सत्तर वर्षांची एखादी वस्तू शिल्लक असेल तर ती बहुधा गोटी असते. तिला जुनी वस्तू म्हणावे हे आपल्या कधी मनात आले नाही, इतकेच.

काचेची गोटी आली कुठून?

पूर्वी गोट्या दगडाच्या, भाजलेल्या मातीच्या, लाखेच्या असत. सिंधू संस्कृतीच्या उत्खननातही दगडाच्या आणि मातीच्या लहान गोळ्या सापडल्या आहेत. काचेची गोटी मोठ्या प्रमाणावर बनू लागली ती जर्मनीत, थुरिंगियातल्या लाउशा नावाच्या काचकारांच्या गावात. १८४०च्या दशकात तिथे गोटी कापण्याची एक खास कात्री निघाली. कारागीर रंगीत काचेचे धागे घालून एक लांब कांडी तयार करी, ती तापवून पिळी आणि त्या कात्रीने तिचे एकेक गोल तुकडे पाडी. म्हणून त्या काळच्या हाताने केलेल्या गोटीत रंगाचे धागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पिळत गेलेले दिसतात. दोन्ही टोकांना कापल्याचा खडबडीत डागही राहतो. ज्या डागाला आपण खोट समजू, त्याच डागाला संग्राहक भिंग लावून शोधत असतो.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीचा माल बाहेर जाणे थांबले. त्याच युद्धाचा फटका आपल्यालाही बसला होता. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांनी मागे बोटीने पाठवलेली पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. बाबासाहेब हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी पुन्हा पुस्तक-पुस्तक जमवले आणि पुढे त्या संग्रहासाठी दादरला ‘राजगृह’ बांधले. संग्रह म्हणजे काय आणि तो कशासाठी करायचा, याचा यापेक्षा मोठा धडा आपल्यासाठी दुसरा नाही.

असो. जर्मनीची जागा अमेरिकेने घेतली. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन ख्रिस्टेन्सन नावाचे गृहस्थ होते. ते आधी पोलादी छर्रे गोल करण्याच्या यंत्रावर काम करत. तीच युक्ती त्यांनी काचेला लावली आणि १९०५ साली गोट्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढच्या यंत्रांत वितळलेल्या काचेचा तुकडा स्क्रूसारखे आटे असलेल्या दोन फिरत्या रुळांवर पडतो आणि गडगडत पुढे जाता जाता थंड होऊन गोल होतो. कापल्याचा डाग गेला आणि गोटी स्वस्त झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पारदर्शक काचेत रंगाची पाकळी असलेली, मांजराच्या डोळ्यासारखी गोटी काढली. १९५०च्या दशकात तिने अमेरिकेची बाजारपेठ व्यापली. आज दुकानात आपल्याला दिसते ती बहुतेक याच वंशाची.

आपल्याकडच्या पोरांचा आणखी एक मोठा पुरवठादार होता, तो म्हणजे गोटी सोडा. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली ही बाटली पूर्णत्वाला नेली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि वर रबराची चकती. आतला वायू गोटीला वर दाबून धरतो, म्हणून बूच लागत नाही. इंग्लंडातली पोरे गोटीसाठी बाटल्या फोडत, त्यामुळे तिथे जुन्या अखंड बाटल्या फार थोड्या उरल्या. आपल्या पोरांनीही याबाबतीत इंग्रजांच्या पोरांपेक्षा काही कमी केले नाही. ही बाटली भारतात आणि जपानात अजून चालते.

ओळखायची कशी?

माळ्यावरचा डबा काढलाच, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, डाग. गोटी उजेडात धरून सावकाश फिरवा. समोरासमोर दोन कापल्याचे डाग असतील, आत रंगाचे धागे पिळलेले असतील आणि गोटी किंचित वाकडी असेल, तर ती हाताने केलेली असण्याचा संभव मोठा. मात्र हाताने केलेली म्हणजे जुनीच असे नाही. जुन्या पद्धतीने नव्या गोट्या करणारे कारागीर आजही आहेत. जुन्या गोटीवर वापराचे बारीक चरे असतात.

दुसरी गोष्ट, रंग. एक प्रकार असा आहे की काळी अपारदर्शक काच आणि तिच्यावर रंगीत पट्टे. अमेरिकेतले संग्राहक तिला ‘इंडियन’ म्हणतात. नावावरून फसू नका. ती जर्मनीतच घडलेली. पारदर्शक गोटीत पांढरा प्राणी किंवा माणसाची आकृती दिसली तर ती विशेष जपून ठेवा. तसेच काही जुन्या पिवळट-हिरव्या काचेत युरेनियमचा अंश असे. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली ती हिरवीगार चमकते.

तिसरी गोष्ट, साध्या हिरवट पारदर्शक गोट्या. यांतल्या काही सोड्याच्या बाटलीतल्या, तर काही कारखान्यातल्या असतात. काचतंतू बनवण्याच्या एका पद्धतीत काचेच्या गोट्याच वितळवतात. यांना बाजारात फारशी किंमत नाही.

चौथी गोष्ट, स्थिती. गोटी गोटीवर आपटली की आत चंद्रकोरीसारखी चीर पडते किंवा टवका उडतो. भिवंडीत तर जॉबरकडून मिळालेला बेअरिंगचा लोखंडी छर्रा हे पोरांचे मुख्य हत्यार! एका तडाख्यात समोरच्याच्या गोटीचे तीन टवके. त्यामुळे आपल्या गावच्या जुन्या गोट्या अखंड सापडणे कठीण, आणि म्हणूनच अखंड सापडली तर तिचे मोल अधिक. टवका गेलेली गोटी घासून चमकवून आणू नका. घासलेली गोटी जाणकाराला लगेच कळते आणि तिचा भाव उतरतो.

पाचवी गोष्ट, माप. नेहमीची गोटी १६ मिलिमीटरच्या आसपास असते. कोणत्याही लेथवाल्याकडे व्हर्निअर असतो, त्यावर मोजून घ्या. जुन्यांमध्ये मोठी गोटी सहसा दुर्मिळ. धुवायची तर कोमट पाण्यात साबण घालून धुवा. कढत पाण्यात टाकाल तर तडकेल. धुतल्यावर पत्र्याच्या डब्यात खुळखुळत ठेवू नका. एकेक चिंधीत गुंडाळा. भिवंडीत चिंध्यांना काय तोटा!

आता कारकुनी हिशोब. १६ मिलिमीटरची एक गोटी साधारण साडेपाच ग्रॅमची. म्हणजे किलोला १८५च्या आसपास गोट्या झाल्या. भंगारवाला काच किलोवर घेतो. १८५ मधल्या एका गोटीला जाणकार किती देईल आणि भंगारवाला १८५ मिळून किती देईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

एका घरची हकीकत

आमच्या भागातले एक माग कामगार वारले. नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर माळा आवरताना डालड्याचा एक जुना डबा निघाला. आत २१३ गोट्या, सव्वा किलोच्या आतले वजन. थोरल्या मुलाने मोबाईलवर फोटो टाकले, तर दोन दिवसांत मुंबईहून एक गृहस्थ दारात हजर. त्यांनी डबा चाळला, चेहरा कोरा ठेवला आणि म्हणाले, “सगळा डबा द्या, पाचशे रुपये घ्या.”

थोरल्याला पैशाची गरज होती. मुलीच्या कॉलेजच्या सत्राची फी भरायची होती. धाकटा म्हणाला, बापाची आठवण विकायची नाही. शब्दाने शब्द वाढला. सुतकी घरात पाचशे रुपयांवरून भावाभावांत अबोला धरायची वेळ आली, तेव्हा मला बोलावणे आले. मी डबा वर्तमानपत्रावर ओतून एकेक गोटी वेगळी करू लागलो. बहुतेक मांजरडोळ्याच्या, काही सोड्याच्या, काही टवके उडालेल्या. डब्याच्या तळाशी मात्र कापडाची एक गाठोडी होती आणि तिच्यात दोन्ही टोकांना डाग असलेल्या ९ गोट्या.

“या कुठल्या?” असे मी विचारले. दोघे भाऊ गप्प. तेवढ्यात त्यांची आत्या, मृताची थोरली बहीण, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. कल्याणला दिलेली, वय ऐंशीच्या घरात. ती म्हणाली, “त्या आमच्या बापाच्या. गोदीतल्या.” आणि मग ती बोलू लागली. तिचे वडील स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या गोदीत हमाल होते. एकदा खोके फुटले, माल सांडला आणि फुटका-तुटका उरलेला मुकादमाने हमालांना वाटून टाकला. बापाच्या वाट्याला पसाभर गोट्या आल्या. पुढे कोणती गोटी भावाने कोणाकडून जिंकली, कोणती पुरात वाहून जाता जाता वाचली, कोणत्या गोटीसाठी मार खाल्ला, सगळे तिला पाठ!

मी विचारले, “आत्या, तुम्ही खेळत होता का?” ती हसली. “मला कोण खेळू देतंय? मुलीच्या जातीने गल्लीत उकिडवं बसू नये म्हणायचे. मी डबा सांभाळायचे. संध्याकाळी भाऊ आला की मोजून घ्यायचे.”

बंधू-भगिनींनो, जिला गोटीला बोट लावू दिले नाही तिने त्या घराचा इतिहास सांभाळला होता. घरच्या दोन्ही मुलांना तो ठाऊक नव्हता, कारण आजवर कोणी तिला विचारलेच नव्हते. त्या दिवशी दोनशे पानी वहीत आम्ही नोंदी केल्या. आत्या सांगत होती, नात लिहीत होती. मी फक्त रकाने आखून दिले.

ते गृहस्थ आठ दिवसांनी पुन्हा आले. त्यांच्यासमोर डबा न ठेवता आधी वही ठेवली. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि स्वतःहून भाव वाढवला, तोही संपूर्ण डब्याचा नव्हे, एकेका गोटीचा. गोट्या त्याच होत्या. बदलले होते ते एवढेच की आता घरच्यांना ठाऊक होते आणि ते कागदावर होते. शेवटी नऊपैकी दोन गोट्या विकायच्या ठरल्या. रीतसर पावती झाली, नोंदीची नक्कल सोबत दिली. त्या पैशात मुलीच्या सत्राची फी भागली. सात गोट्या आणि वही घरात राहिली. मांजरडोळ्याच्या गोट्या आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांना खेळायला मिळाल्या. त्यांत मुलीही खेळतात, हे मुद्दाम लिहितो.

ज्या घराला फी भरायची आहे त्याने विकू नये, असा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. विकणे हा गुन्हा नव्हे. न कळता विकणे हे मात्र नुकसान आहे.

धम्म काय सांगतो?

काही उपासक विचारतील की, भगवान बुद्धांनी तृष्णा सोडायला सांगितली आणि तुम्ही गोट्या जमवायला सांगता? प्रश्न योग्य आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे की, बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही आणि गृहस्थाने सन्मार्गाने धन मिळवण्यास मनाई केली नाही. त्यांचा निषेध हावेला आहे. तेव्हा वस्तू जमवण्यात दोष नाही. वस्तूने आपल्याला जमवू नये!

जुगाराचे मात्र तसे नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थासाठी जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती घटते, सभेत त्याच्या शब्दाला मान राहात नाही, मित्र त्याला तुच्छ लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. पोरांच्या गोट्यांच्या खेळातही पैसा शिरला की हे सहाही हजर होतात. गोट्या खेळा, जिंका, हरा; पैसे लावू नका.

व्यापाराचेही शील आहे. नवी गोटी जुनी म्हणून विकणे हा चौथ्या शीलाचा भंग. लहान मुलाकडून पाच चॉकलेटांच्या बदल्यात मौल्यवान गोटी काढून घेणे ही चोरीच, मग ती अदलाबदलीच्या नावाखाली का असेना. मुलाशी सौदा करायचा तर त्याच्या आई-वडिलांसमोर करावा आणि जे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांनाही सांगावे. माहिती लपवून कमावलेला नफा सम्यक आजीवात बसत नाही.

आणि एक कायद्याची बाब. १९७२ च्या पुरावशेषांच्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. मोबाईलवर परदेशातून गोड मागणी आली म्हणून पार्सल करायला धावू नका. आधी जाणकाराचा सल्ला घ्या.

मातीचा तुकडा सोन्याच्या डबीत

वस्तूची किंमत वस्तूत किती आणि तिच्यामागच्या आठवणीत किती, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच भागात सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेल्या तांब्याच्या, चांदीच्या, स्फटिकाच्या, सोन्याच्या डब्या. आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे या श्रद्धेने ते तिथे जपले होते. बाजारात खापराला कोण विचारतो? पण त्या लोकांना ठाऊक होते की हे खापर कोणाचे आहे. ठाऊक होते म्हणून ते सोन्यात ठेवले गेले.

अलीकडचे उदाहरण नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनाचे. तिथे बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. त्या आज आपल्याला डोळ्यांनी पाहता येतात याचे मोठे श्रेय नानकचंद रत्तू यांना आणि वामनराव गोडबोले यांना आहे. रत्तू हे बाबासाहेबांचे मजकूर टंकलिखित करणारे माणूस. एका टंकलेखकाने वस्तू जपल्या म्हणून एका युगाचा पुरावा शिल्लक राहिला. पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, पानाचे डबे जमवून केवढे मोठे संग्रहालय उभे केले! त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंना मान दिला. पण आपल्या घरातली वस्तू आपण मोडीत घातली तर ती कोणत्या संग्रहालयात जाणार?

महाराष्ट्रात काचेचा धंदा काही थोडाथोडका झालेला नाही. एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावला १९०८ साली निघाला. कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना १९१६ साली निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. संस्थापकांची नावे पुस्तकांत आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण भट्टीपुढे उभे राहून नळीत फुंकर मारणारे, भाजलेल्या हातांनी काच उचलणारे किती जणांना ठाऊक आहेत? लाउशाच्या कारागिराचेही नाव गोटीवर नसते. गोदीत खोके उचलणाऱ्या हमालाचे तर नसतेच. ते नाव फक्त वहीत येऊ शकते, आणि वही आपणच लिहायची असते.

यंदा वर्षावासात एवढे करा

वर्षावासात आपल्या विहारांतून संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. त्यातली एक संध्याकाळ जुन्या वस्तूंसाठी राखून ठेवा. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे. गोट्यांचा डबा असेल, जुनी कांडी नाहीतर धोटा असेल, समता सैनिक दलाची टोपी असेल, शाळेचा दाखला असेल. विकायला नव्हे, दाखवायला. विहार समितीने एक वही ठेवावी आणि सहा रकाने आखावेत: अनुक्रमांक, वस्तू आणि तिचे माप, रंग व खुणा, स्थिती, घरात कोणाकडून व कशी आली, सांगणाऱ्याचे नाव व तारीख. वस्तू ज्याची त्याने परत घरी न्यावी. नोंद तेवढी विहारात राहील. खर्च एका वहीचा आणि एका पेनाचा. पुढे कोणी विकत घ्यायला आला तर घरच्यांनी आधी ती नोंद वाचावी, मग डबा उघडावा.

पाचवा रकाना भरताना घरातल्या वृद्ध स्त्रियांना आधी विचारा. पुरुषांना गोटी कोणी जिंकली एवढेच आठवते. ती इतकी वर्षे कुठे ठेवली होती, हे आई, आत्या आणि आजी यांनाच ठाऊक असते. त्यांचे वय वाट पाहणारे नाही. या रविवारी बसा, वही घ्या आणि त्यांना विचारा.

जयभीम!